आधी स्वतः झिजावे



कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी, कृत्रिम पाय लावून, तो कॅन्सर-संशोधनाच्या निधीसाठी धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. मग रोग फुप्फुसांत पसरला. जून १९८१मध्ये तो वारला. वय अवघे २२.

धावल्याने का रोग बरा होतो, असे आपण विचारू. नाही, संशोधन पैशाने चालते. पण प्रत्येक देशबांधवाकडे एक डॉलर मागण्याआधी त्याने स्वतःचा देह झिजवला होता. म्हणून लोकांचे हात सैल झाले. फेब्रुवारी १९८१पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक निधी जमला.

वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी आपण स्वतःलाच विचारू या : यात माझे काय झिजले?