तीन सप्टेंबरची चौकट

एका दैनिकात अकरा वर्षं मी दिनविशेषाची चौकट लिहीत होतो. पान दोन, डावीकडे तळाला, हवामानाच्या शेजारी. मर्यादा नव्वद शब्द, आणि उशिरा जाहिरात आली की पहिली कात्री आम्हालाच. बाकी तारखा आता आठवत नाहीत, ३ सप्टेंबर मात्र अजून पाठ आहे. ब्रिटनच्या इतिहासातल्या त्या एका तारखेनं मला जेवढं शिकवलं, तेवढं नोकरीतल्या कुणा वरिष्ठानंही शिकवलं नसेल.

१. तो दिवस उगवला होता का, ते आधी बघावं.

पहिल्याच वर्षी मी ३ सप्टेंबरखाली छापलं, ‘१७५२ : ब्रिटनमध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू.’ चार दिवसांनी साताऱ्याहून पोस्टकार्ड आलं. लिहिणारे गणिताचे निवृत्त शिक्षक. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल. ‘महोदय, त्या वर्षी ब्रिटनमध्ये ३ सप्टेंबर ही तारीखच नव्हती. आपण घटना कुठे घडवलीत?’

गुरुजींचं बरोबर होतं. बुधवारी २ सप्टेंबर झाला आणि गुरुवारी लोक उठले ते १४ तारखेला. पोपनं १५८२ मध्ये काढलेली दिनदर्शिका प्रोटेस्टंट इंग्लंडनं पावणेदोनशे वर्षं दाराबाहेर उभी केली होती. तोवर फरक अकरा दिवसांवर गेला. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो तेव्हा पंचांग पाहून आपण मुकाट पुढे जातो. तिथे मात्र घरभाडं, पगार, व्याज, सगळ्यांचा हिशेब अडला. जुना वर्षारंभ २५ मार्चचा. करवसुलीच्या वर्षात अकरा दिवस कमी पडू नयेत म्हणून ते पुढे ढकललं, आणि नंतर आणखी एक दिवस सरकून ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला जे सुरू झालं, ते आजही तिथूनच सुरू होतं.

दुसऱ्या वर्षी मी हुशारीनं लिहिलं, ‘आमचे अकरा दिवस परत द्या, म्हणून दंगली.’ त्या दंगलींना धड पुरावा नाही. निवडणुकीच्या मेजवानीचं हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराचं एक चित्र आहे, १७५५ च्या सुमाराचं. त्यातल्या एका फलकावर ही घोषणा आहे, आणि पुढच्या लेखकांनी फलकावरून दंगल उभी केली. या वेळी साताऱ्याहून कार्ड आलं नाही. गुरुजींनाही ती दंगल खरी वाटली असावी.

२. तारीख जुनी की नवी, हे विचारायला लाजू नये.

जुन्या-नव्याचा हा घोळ आपल्याकडेही आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची. नव्या पद्धतीनं ती १ मार्च येते. तिथीवाले आणि तारखेवाले यांचा वाद दरवर्षी आमच्या कार्यालयात चहाबरोबर यायचा. त्यात हा तिसरा मुद्दा मी एकदाच काढला. पुन्हा काढला नाही.

३. माणूस तारखेवर विश्वास टाकतो, तारीख कुणाची नसते.

इंग्लंडमधल्या पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल यानं ३ सप्टेंबर १६५० ला डनबारला स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला. बरोबर वर्षानं, त्याच तारखेला, वूस्टरला दुसऱ्या चार्ल्सचा. मग ही त्याची शुभ तारीखच झाली. १६५४ मध्ये पार्लमेंट बोलावली तीही ३ सप्टेंबरला, रविवार असूनही. आणि १६५८ मध्ये तो वारला, तोही ३ सप्टेंबरलाच. त्या रात्री प्रचंड वादळ झालं, असं लोक सांगत राहिले. वादळ झालं होतं खरं, पण त्याच्या आधीच्या सोमवारी. लोकांनी ते चार दिवस पुढे ओढून मृत्यूशेजारी आणून ठेवलं.

वूस्टरहून पळालेला चार्ल्स ओकच्या झाडात लपला, म्हणून इंग्लंडात गावोगावी ‘रॉयल ओक’ नावाचे पब आहेत. पुढे इंग्लंडच्या गादीवर बसल्यावर ह्याच गृहस्थाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर हुंड्यात मुंबई मिळाली. १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

डनबारच्या कैद्यांचं मात्र मी कधीच छापलं नाही. हजारो स्कॉटिश कैदी पायी डरहॅमला नेले, कॅथीड्रलमध्ये कोंडले. उपासमारीनं आणि हगवणीनं कितीतरी तिथेच मेले. २०१३ मध्ये जवळच्या ग्रंथालयाच्या कॅफेसाठी खणताना त्यांचे सांगाडे निघाले. हे नव्वद शब्दांत बसवून पाहिलं. बसत नाही.

४. कवीनं स्वतः घातलेली तारीखही तपासावी.

वर्ड्स्वर्थच्या वेस्टमिन्स्टर पुलावरच्या कवितेच्या शीर्षकातच ३ सप्टेंबर १८०२ आहे. बहीण डोरोथीच्या रोजनिशीप्रमाणे डोव्हरच्या वाटेवर ती दोघं तो पूल ओलांडून गेली ती जुलैच्या अखेरीस.

५. दुसऱ्या दिवसाला कुणी जागा देत नाही.

लंडनची मोठी आग १६६६ ची, २ सप्टेंबरच्या पहाटे पुडिंग लेनमधल्या भटारखान्यातून निघालेली. सगळे २ तारीख छापतात. पण घर सोडायची वेळ अनेकांवर आली ती नंतर. रोजनिशीकार सॅम्युएल पेपीस पहाटे चारला रात्रीच्या झग्यातच गाडीवर चढला आणि पैसा, चांदीची भांडी हलवत निघाला, तो सोमवार ३ तारखेचा.

६. उपसंपादक खालून कापत नाही, त्याला जे ठाऊक नसतं ते कापतो.

३ सप्टेंबर १८७८. थेम्सवरची ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ नावाची सहलीची आगबोट, संध्याकाळी परतीच्या वाटेवर, बायकामुलांनी भरलेली. वूलविचजवळ ‘बायवेल कॅसल’ हे कोळशाचं जहाज तिच्यावर आदळलं. ती चार-पाच मिनिटांत बुडाली. नेमक्या त्याच भागात नदीत लंडनचं मैलापाणी नुकतंच सोडलं होतं; पोहता येणाऱ्यांचाही त्यात निभाव लागला नाही. सहाशेहून अधिक माणसं गेली. अनेक प्रेतं ओळखली न जाता पुरली गेली. वूलविचच्या दफनभूमीत उभा केलेला क्रूस सहा-सहा पेन्सच्या वर्गणीतून झाला, वर्गणीदार तेवीस हजार.

दर वर्षी मी हे लिहायचो आणि दर वर्षी ते उडायचं. राहायचं ते १९३९ : सव्वाअकराला रेडिओवर पंतप्रधान चेंबरलेन यांची युद्धघोषणा. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतालाही युद्धात ओढलं, इथल्या कुणालाही न विचारता. त्यावरून दोन-एक महिन्यांत मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं. ही ओळ मी सहाव्या वर्षी घातली, तीही एका वयस्क मुद्रितशोधकानं विचारलं म्हणून : “साहेब, लंडनचं कळलं. आपलं काय झालं त्या दिवशी?”

शेवटच्या वर्षी मी अख्खी चौकट ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’वर लिहिली. कापायला दुसरं काही ठेवलंच नाही. त्या रात्री जाहिरात आली नाही, मजकूर जसाच्या तसा गेला. सकाळी अकराला संपादकांचा फोन आला.

“अहो, दुसरं महायुद्ध कुठे गेलं?”