एक टाका तुटला तरी शिवण का टिकते?

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीत कामाला जाते. माझ्या चामड्याच्या बॅगेची मशिनची शिवण पट्ट्यापाशी एका जागी तुटली आणि बघता बघता वीतभर उसवली. हातशिवण अशी उसवत नाही म्हणतात, ते खरं का? आणि घरी जमेल का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : खरं आहे. मशिनच्या शिवणीत दोन दोरे असतात. वरचा वरच राहतो, बॉबिनचा खालीच. चामड्याच्या जाडीत दोघे एकमेकांत अडकतात, एवढंच. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. दोन सुयांच्या हातशिवणीत दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक पदर झिजून तुटला तरी दुसरा सगळी शिवण धरून ठेवतो.

स्टेशनबाहेर बसणाऱ्या कारागिराची आरी मात्र वेगळी. तिच्या टोकाशी खाच असते. ती आतल्या दोऱ्याचा फास वर ओढून आणते आणि त्या फासातून दोऱ्याचं दुसरं टोक ओवून तो ताणतो. ही गुंफण मशिनसारखीच, पण दोरा जाड, मेण लावलेला आणि प्रत्येक टाक्याला हाताची ओढ, म्हणून ती टिकते. त्यामागे वर्षांचा सराव आहे. तुम्ही दोन सुयांनीच सुरुवात करा.

दोन दाभणं घ्या आणि त्यांची टोकं दगडावर घासून बोथट करा. सुईनं भोक पाडायचं नसतं, ते टोच्याचं काम. टोच्याला मात्र धार हवी. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांचे डाय घडवणारे कारागीर आहेत, पोलादाची धार त्यांच्याकडून समजून घ्या. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत सुती दोरा कुजतो. त्याला मधमाशीचं मेण चोळा. मेणबत्तीचं मेण भुगा होऊन गळतं. नव्या कामात कंपासपेटीतल्या डिव्हायडरनं काठापासून सारख्या अंतरावर रेघ ओढायची आणि त्याच रेघेवर चार-चार मिलिमीटरवर खुणा करायच्या.

तुमच्या बॅगेला नवी भोकं अजिबात पाडू नका. जुन्यांच्या मध्ये भोकं पडली की चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. जुने तुटके दोरे उपटून तीच भोकं वापरा. शिवणीच्या चौपट दोरा लागतो, म्हणजे वीतभराला दोन हात आणि वर थोडा. सुरुवात उसवलेल्या जागेच्या दोन-तीन टाके आधीपासून करा.

बॅगेचा काठ दोन फळ्यांत धरून फळ्या गुडघ्यांत दाबा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. पहिल्या भोकातून दोरा ओढून दोन्ही बाजू सारख्या करा. पुढच्या भोकात आधी डावी सुई, मग उजवी. उजवी घालताना आधीचा दोरा भोकाच्या एका कडेला ओढून धरा, नाहीतर सुई त्याच्या पोटातून जाते आणि टाका आवळतच नाही. मग दोन्ही हातांनी सारखंच ताणा. हा क्रम एकदाही बदलू नका. जिथे बदलाल तिथे टाक्याचा कल उलटा पडून लगेच दिसतो. शेवटी तीन टाके मागे येऊन दोरा कापा आणि टोकाला काडेपेटीची धग दाखवून दाबा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. कारखान्यात घालायच्या सेफ्टी शूजवर हा प्रयोग करू नका. टाक्याच्या भोकातून रसायन आत झिरपतं, आणि साच्यात ओतून चिकटवलेला तळवा दोऱ्यानं धरत नाही. उसवलेला बूट कंपनीकडून बदलूनच घ्या.

हात बसला की नवं काहीतरी शिवावंसं वाटेल. माहीम स्टेशनलगतच्या धारावीत चामड्याचा मोठा बाजार आहे. घेताना तुकडा उलटा करून बघा : आत तंतूंची लव दिसली तर चामडं, कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. पहिल्या कामाला बेल्टचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा घेऊन किल्लीचा पट्टा करा.