डिग्री हातात, पण कार्ड कुठे?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. होस्टेलवर रात्री अमेरिकेतल्या एमएसच्या गप्पा रंगतात, पण त्यानंतरच्या वर्क परमिटबद्दल कुणी बोलत नाही.

नुसत्या डिग्रीवर तिथे नोकरी करता येत नाही. आधी ओपीटी, म्हणजे आपल्याच विषयातलं काम १२ महिने करण्याची परवानगी, मागावी लागते. कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. मात्र कॉलेजने शिफारस नोंदवली की ३० दिवसांत तो पोचलाच पाहिजे. कार्ड येईपर्यंत काम सुरू करायचं नाही. पुढे इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी २४ महिने मागता येतात.

साकोलीकडचा माझा मावसभाऊ शिफारस घेऊन परीक्षेच्या गडबडीत थांबला. अर्ज उशिरा पोचला, नामंजूर झाला, फी बुडाली. ६० दिवसांची मुदत उरली होती म्हणून नवी शिफारस घेऊन पुन्हा भरला. पण कार्ड येईपर्यंत ठरलेली नोकरी गेली. इकडे मावसाजी धानाच्या शेतीवर काढलेल्या कर्जाचे हप्ते भरत होते.

नियम बदलतात, म्हणून तिथल्या कॉलेजच्या ऑफिसात विचाराच. आणि तारखा पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.