बांधावरची बाभूळ

आपला अहमदपूर तालुका बालाघाटच्या रांगांत वसलेला. कुठे काळी रान, कुठे बरड माळ. विद्यार्थीमित्रहो, बांधावरची बाभूळ आपण रोज पाहतो, पण तिचा हिशेब क्वचितच मांडतो. तिच्या मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र जमिनीला मिळते. शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, लाकूड औताला. सावलीत ज्वारीच्या दोन-चार ओळी खुरटतात, हे खरे. म्हणून शेतकरी ती तोडतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पेरणीपूर्वी फांद्या छाटल्यास नुकसान घटते, सरपणही मिळते. माळावर मात्र सीताफळच बरे. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. 1990 साली राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हा लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात खड्डे खणण्याची मजुरी मिळू लागली. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातील अशाच हातांनी खडी फोडली होती.