ओले धान्य आणि जुना लॅपटॉप

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की घोडेगावच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलीला किंवा मुलाला शिक्षणासाठी लॅपटॉप हवा आहे, घरात मोबाइलही एकच आहे. नव्याची किंमत आवाक्याबाहेर आहे. पुण्याच्या बाजारात अथवा ऑनलाइन 'रिफर्बिश्ड' वस्तू बऱ्याच कमी किमतीत मिळते. ती घ्यावी की घेऊ नये? विचारणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात. पैसे बुडतील काय, ही पहिली. दीनच्या दृष्टीने या व्यवहारात काही वावगे तर नाही ना, ही दुसरी. या दोन शंका वेगळ्या वाटतात. पण शरीअतने दुसरीचे जे उत्तर दिले आहे, त्यातच पहिलीचेही उत्तर आहे. म्हणून या महिन्याच्या धड्यासाठी हाच विषय घेतला आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. वापरलेली वस्तू आहे तशी विकली तर ती 'सेकंडहँड'. परत आलेली वस्तू तपासून, नादुरुस्त भाग बदलून, स्वच्छ करून पुन्हा विक्रीस ठेवली तर ती 'रिफर्बिश्ड'. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' असे जे दर्जे सांगितले जातात, ते बहुधा विक्रेत्याने स्वतःच ठरवलेले असतात. म्हणून त्या अक्षरावर विसंबू नये. त्यामागची हकीकत विचारावी.

जुने घेण्यात कमीपणा नाही

प्रेषित मुहम्मद (स.) आपली चप्पल स्वतः शिवत आणि कपड्याला ठिगळ स्वतः लावत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. दुरुस्त केलेली वस्तू वापरणे ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी या हदीसवर विचार करावा. प्रेषितांनी (स.) वापरातली वस्तू विकतही घेतली आहे. एका प्रवासात हजरत जाबिर (रजि.) यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषितांनी (स.) तो उंट विकत मागितला, किंमत ठरली आणि मदिनेपर्यंत जाबिर (रजि.) त्यावरच बसून येतील, ही अटही ठरली. मदिनेत पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) ठरलेली रक्कम चुकती केली आणि उंटही त्यांनाच परत दिला. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या या प्रसंगातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात: वापरलेल्या वस्तूची खरेदी निःशंक जायज आहे आणि तिच्या अटी आधी स्पष्ट असाव्यात.

आणखी एक बाजू आहे. ऐपत नसताना नवी वस्तू घेण्यासाठी अनेक कुटुंबे व्याजाच्या हप्त्यांत अडकतात. अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम, हे सूरह अल-बकराच्या २७५व्या आयतीत स्पष्ट आहे. व्याज भरून आणलेल्या कोऱ्या लॅपटॉपपेक्षा रोखीने घेतलेला जुना लॅपटॉप घरात अधिक बरकत आणेल, याविषयी ईमानधारकाच्या मनात शंका नसावी.

धान्याच्या ढिगाचा धडा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रेषित (स.) एकदा मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले तेव्हा पावसाने भिजल्याचे त्याने सांगितले. त्यावर प्रेषितांचे (स.) म्हणणे असे की, मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवणूक करतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असा इशारा त्यांनी दिला.

पाऊस पाडणे त्या विक्रेत्याच्या हाती नव्हते. धान्य भिजले यात त्याचा दोष नव्हता आणि ओले धान्य विकण्याची मनाईही त्याला झाली नाही. दोष होता तो ओल खाली दडवण्यात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पाहणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वर ठसठशीत आणि खाली बारीक माल भरला, तर बारीक टोमॅटो हा गुन्हा नसतो. वरचा थर हा गुन्हा असतो.

जुन्या यंत्राचेही असेच आहे. बॅटरी वापराने कमजोर होते, हा निसर्गनियम आहे. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशी बनवलेली असते, असे कंपनी स्वतःच सांगते. तेव्हा ८० टक्के बॅटरीचा फोन विकणे हराम नाही. ती बॅटरी १०० टक्के आहे असे भासवणे मात्र हराम आहे. उंटीण किंवा शेळी-मेंढी विकण्यापूर्वी धार न काढता दूध तुंबवून कास भरलेली दाखवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. आकडा बदलून दाखवलेली बॅटरी म्हणजे आजची तुंबवलेली कासच होय.

'ऐब' कशाला म्हणावे?

विक्रेता कधी म्हणतो, "फोन चालतो ना? मग डिस्प्ले बदललेला आहे हे कशाला सांगायचे?" हनफी फिक्हच्या 'कुदूरी' व 'हिदाया' या ग्रंथांत याची कसोटी दिलेली आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत कमी होते, ती गोष्ट म्हणजे ऐब, अर्थात दोष. वस्तू चालते की नाही, हा येथे प्रश्नच नाही. मूळ कंपनीचा नसलेला डिस्प्ले, पाण्यात पडून दुरुस्त झालेला बोर्ड, एकदा उघडलेला फोन यांची किंमत बाजारात कमी होते ना? मग ते सांगणे आवश्यक आहे. दोष न सांगता वस्तू विकणे मुस्लिमासाठी हलाल नाही, अशा आशयाची हदीस हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून इब्न माजा यांनी नोंदवली आहे.

घेण्यापूर्वीचे चार प्रश्न

सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य असले, तरी विचारणे आपले काम आहे. ज्या व्यवहारात वस्तूचे स्वरूपच अनिश्चित आहे, त्याला शरीअतमध्ये 'गरर' म्हणतात आणि त्याची मनाई आहे. आपल्या मराठीतील 'पाण्यात म्हैस, वर मोल' ही म्हण याच व्यवहाराचे वर्णन करते. बैल घेताना आपले वडीलधारे त्याचे दात पाहत, चालवून पाहत. यंत्राचे दात पाहण्यासाठी पुढील चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न, ही वस्तू कोणाची होती? चोरीचा माल स्वस्त असतो, पण तो घेणे म्हणजे पापात साहाय्य करणे. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत त्याची मनाई आहे. मोबाइलवर *#०६# दाबले की त्याचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा, अथवा केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो तपासावा. फोन बंदी घातलेल्या यादीत असल्यास कळते. जुन्या मालकाचे गूगल किंवा ॲपल खाते त्यातून काढलेले आहे, हेही समोर बसूनच पाहावे.

दुसरा प्रश्न, यात काय बदलले आहे? बॅटरी, डिस्प्ले, हार्ड डिस्क, की-बोर्ड यांपैकी मूळचे काय आणि नवे काय, हे नाव घेऊन विचारावे. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते.

तिसरा प्रश्न, ही वस्तू आणखी किती काळ उपयोगी पडेल? लॅपटॉपच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कार्यालयांतून एकगठ्ठा निघालेले अनेक लॅपटॉप दिसायला उत्तम असतात, परंतु त्यांचा प्रोसेसर जुन्या पिढीचा असतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. 'आय-फाइव्ह'पुढील क्रमांक ८२५० असेल तर पिढी आठवी, ६३०० असेल तर सहावी. मुलीचे शिक्षण तीन-चार वर्षांचे आहे आणि सुरक्षा-अद्यतने आजच बंद आहेत, तर कमी किमतीतही तो सौदा महागच. मोबाइलच्या बाबतीतही त्या मॉडेलला अद्यतने केव्हापर्यंत मिळतील, हे विचारावे.

चौथा प्रश्न, परत घेणार काय? हजरत हब्बान बिन मुन्किज (रजि.) सौद्यांत फसवले जात. सौदा करताना फसवणूक चालणार नाही असे बोलून दाखवावे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना शिकवले आणि तीन दिवसांची मुदत दिली. यातूनच फुकहांनी 'खियार-ए-शर्त' म्हणजे ठरावीक मुदतीत सौदा मोडण्याची अट मांडली. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते निश्चित केलेली असेल तर त्याहून अधिकही चालते. आज दुकानदार सात दिवसांत परत घेण्याची हमी देतो, तेव्हा तो याच वाटेने चाललेला असतो. ती अट मागण्यात संकोच कसला?

या चारही उत्तरांची नोंद बिलावर घ्यावी: आयएमईआय अथवा सीरियल क्रमांक, बदललेले भाग, वॉरंटीची मुदत. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. ओळखीच्या माणसाकडे बिल मागणे म्हणजे अविश्वास, असे आपण मानतो. वास्तविक ते ओळख टिकवण्याचे साधन आहे.

नंतर दोष निघाला तर

लपलेला जुना दोष निघाल्यास हनफी फिक्हनुसार ग्राहकाला निवड असते: ठरलेल्या किमतीत वस्तू ठेवावी, अथवा ती परत करून पूर्ण पैसे घ्यावेत. वस्तूही ठेवू आणि पैसेही कापून घेऊ, असा आग्रह विक्रेत्याच्या संमतीशिवाय धरता येत नाही. दरम्यान आपल्या हातून फोन पडून नवे नुकसान झाले असेल, तर परत करण्याचा हक्क उरत नाही, विक्रेत्याने स्वतःहून घेतला तर गोष्ट वेगळी. मात्र जुन्या दोषामुळे जी किंमत घटली, तेवढी रक्कम मागता येते. आणि एक सूचना विशेष ध्यानात ठेवावी: दोष कळल्यावरही वस्तू वापरत राहिलो, तर ती संमती समजली जाते. म्हणून दोष दिसताच वापर थांबवून विक्रेत्याला कळवावे. समजुतीने मिटले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आपला हक्क मागणे सब्राच्या विरुद्ध नाही.

घेतलेल्या यंत्रात आधीच्या मालकाची छायाचित्रे अथवा कागदपत्रे राहिलेली आढळली, तर ती पाहू नयेत, पुसून टाकावीत. इतरांच्या खासगी गोष्टींचा शोध घेण्यास सूरह अल-हुजुरातच्या १२व्या आयतीत मनाई आहे.

दुकानात बसणाऱ्या तरुणांसाठी

आपल्या घरांतील कितीतरी मुले मोबाइल दुरुस्तीच्या कामात आहेत. हा हुनर आहे आणि हलाल कमाईचा सन्मान्य मार्ग आहे. त्यांना इमाम अबू हनीफा (रह.) यांची आठवण करून द्यावीशी वाटते. ते कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष सांगायचे विसरून विकले आणि ग्राहक कोण हे आठवेना, तेव्हा इमामांनी त्या मालाचे सारे पैसे दान केले, असे त्यांच्या चरित्रात येते. 'डिस्प्ले कंपनीचा नाही, म्हणून हजार रुपये कमी' असे वाक्य काउंटरवर बोलून पाहा. एखादा ग्राहक जाईलही. पण जो घेईल तो पुढच्या वेळी भावाला घेऊन येईल. विक्रेता आणि ग्राहक खरे बोलले व सारे उघड केले तर सौद्यात बरकत आणि लपवले तर बरकत नाहीशी, असा हदीसचा आशय आहे. आयएमईआय क्रमांक बदलून देण्याच्या कामाला तर हातही लावू नका. ते पाप तर आहेच, शिवाय दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सारांश असा: चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली आणि बिलावर आली, तर बिस्मिल्लाह म्हणून जुनी वस्तू घ्यावी. एकाही उत्तराला टाळाटाळ झाली, तर किंमत कितीही कमी असो, सलाम करून उठावे. आणि उद्या तोच लॅपटॉप आपण विकायला काढू किंवा घरातला जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देऊ, तेव्हा हीच चार उत्तरे न विचारताच द्यावीत. ग्राहक म्हणून जी सचोटी आपण मागतो, ती विक्रेता झाल्यावर आपल्याकडूनही देणे लागते.

अल्लाह आपल्या घरांत हलाल रोजी, उपयुक्त ज्ञान आणि व्यवहारात खरेपणा देवो. आमीन.