आधि आणि व्याधि

महाभारताच्या वनपर्वाच्या आरंभी एक प्रसंग आहे. द्यूतात सर्वस्व गमावून पांडव वनास निघाले, तेव्हा अनेक ब्राह्मण स्नेहामुळे त्यांच्या मागोमाग चालू लागले. आता या सर्वांस खाऊ काय घालावे, या चिंतेने युधिष्ठिर व्याकूळ झाला. त्या वेळी सांख्य आणि योग यांत निपुण असलेल्या शौनक नावाच्या ब्राह्मणाने त्याची समजूत घातली. मनाच्या दुःखाने शरीर कसे तापते हे सांगताना त्याने घागरीतील पाण्याचा दृष्टान्त दिला आहे. तापलेला लोखंडाचा गोळा घागरीत टाकला असता आतील पाणी तापते, त्याप्रमाणे मनाचा ताप देहात उतरतो, असा त्याचा आशय.

छत्तीसगढात भिलाईच्या लगत हथखोज नावाची औद्योगिक वसाहत आहे. लोखंड-पोलादाची कामे करणारे कारखाने तेथे आहेत. तेथील कामगारास हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडाले की पाणी चरचरते, वाफ उठते, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले आहे. पण तो आणखीही एक गोष्ट जाणतो. त्या पाण्याने पोलादही पूर्वीचे राहत नाही. ‘पाणी दिलेले’ पोलाद कठीण होते. म्हणजे गोळा पाण्यास तापवितो आणि पाणी गोळ्यास बदलते. शौनकाने दृष्टान्ताची एकच बाजू घेतली, कारण समोर बसलेल्या राजाचा रोग मनाचा होता.

दुसरी बाजू त्याच महाभारतात शांतिपर्वात येते आणि ती मांडणारा कोण, तर भीमसेन! युद्ध संपल्यावर युधिष्ठिर राज्य टाकून वनात जाऊ म्हणतो, तेव्हा भीम त्यास सांगतो की व्याधी दोन प्रकारच्या, शारीर आणि मानस. त्या एकमेकींपासून जन्म पावतात. एकीवाचून दुसरी आढळत नाही. गदा आणि भोजन यांपलीकडे भीमाची ओळख करून घेण्याचा प्रयत्न सहसा कोणी करीत नाही. पण देहाच्या बळावर जगलेल्या पुरुषाने हे सांगावे यात मोठे औचित्य आहे. देह मनास कसा ओढून नेतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

मनाची पीडा ती आधि आणि देहाची पीडा ती व्याधि. या दोहोंच्या परस्परसंबंधाचे सर्वांत नेमके वर्णन पाहावयाचे असेल, तर वैद्यकाच्या ग्रंथाआधी गीतेचा पहिला अध्याय उघडावा. दोन्ही सेनांच्या मध्ये रथ उभा आहे. अजून एकही बाण सुटलेला नाही आणि अर्जुनाच्या अंगावर ओरखडाही उमटलेला नाही. तरी तो आपली जी लक्षणे सांगतो ती सर्व शरीराची आहेत. गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, कंप सुटला, रोमांच उभे राहिले, हातातून गांडीव निसटू लागले, त्वचेचा दाह होऊ लागला, उभे राहवेना, मन भोवंडू लागले. मराठी गृहिणी हीच लक्षणे रोजच्या बोलण्यात सांगत असते. हातपाय गळाले, तोंडचे पाणी पळाले, अंगावर काटा आला, डोके गरगरले. या म्हणण्यांना आपण अलंकार समजतो, परंतु ती शब्दशः खरी वर्णने आहेत.

भयाचा किंवा मोहाचा आघात होताच मेंदूचा संदेश मज्जातंतूंच्या वाटेने सर्व शरीरभर जातो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहानशा ग्रंथी ॲड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. हृदय जलद चालू लागते, लाळ कमी होते, पचनाचे काम मंदावते, केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आखडतात, हात कापतात. लढण्यास किंवा पळण्यास देहाची ही सिद्धता असते. धोका क्षणाचा असेल तर ती उपकारकच होय. पण कर्ज, मुलीच्या लग्नाची काळजी, भावाभावांतील दावा, नोकरीची अनिश्चितता यांपासून पळून जाता येत नाही व त्यांच्यावर बाणही सोडता येत नाही. मग ही सिद्धता महिनोन् महिने चालू राहते. झोप उडते, रक्तदाब चढतो, अन्न अंगी लागत नाही. ‘चिंतेने खंगला’ असे आपण म्हणतो ते हेच.

आयुर्वेदाने ही गोष्ट केवळ सामान्य सिद्धान्त म्हणून सांगितलेली नाही. चरकसंहितेत अतिसाराचे प्रकार सांगताना भयापासून होणारा आणि शोकापासून होणारा, असे दोन स्वतंत्र प्रकार गणले आहेत. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडणारा मुलगा ज्या घरात आहे, त्या घरास याचे प्रमाण निराळे नको. शोकाचा परिणाम तर हृदयाच्या आकारापर्यंत पोहोचतो. १९९० मध्ये जपानी वैद्यांनी एका हृदयविकाराचे वर्णन केले. पती वा पुत्र गेल्याची वार्ता ऐकताच छातीत तीव्र कळ येते, लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची असतात, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र तुंबलेल्या आढळत नाहीत. हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगून, जपानी कोळी अष्टपाद मासा धरण्यास जे मडके वापरतात त्यासारखा दिसतो. हा विकार बहुधा उतारवयातील स्त्रियांस होतो आणि योग्य उपचार झाल्यास बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. ‘ऊर फुटला’ हे आपल्याकडील शब्द ज्यांनी प्रथम योजले, त्यांनी हृदयाची छायाचित्रे पाहिली नव्हती.

येथवरचा भाग बहुतेक वाचकांस मान्यच असतो. घरोघर चूक होते ती उलट दिशेचा विचार करताना. देहातील बिघाड मनाच्या वेषात येतो आणि घरातील माणसे त्यास स्वभाव समजतात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा रस कमी पडू लागला की माणूस मंद होतो, थंडी सोसत नाही, अंग जड होते, कशात मन लागत नाही. लोक म्हणतात, सून आळशी आहे. ब१२ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. शाकाहारी माणसास ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते. वृद्धपणी ते शरीरात नीट शोषलेही जात नाही. त्याची उणीव झाली की पायांस मुंग्या येतात, विसर पडतो, चित्त खिन्न राहते. लोक म्हणतात, आजोबांचे आता वय झाले. दोन्ही ठिकाणी साध्या रक्तपरीक्षेने कारण कळू शकते आणि औषधाने मनही पालटू शकते. अशा माणसास धीर धरण्याचा उपदेश करीत बसणे म्हणजे तेल संपलेल्या दिव्यास फुंकर घालण्यासारखे आहे.

झोपेचेही तसेच. सहाव्या अध्यायात ध्यानाचे आसन, स्थान, दृष्टी हे सर्व सांगत असताना भगवंत मध्येच अन्नावर आणि निद्रेवर येतात. फार खाणाऱ्यास योग नाही, मुळीच न खाणाऱ्यासही नाही; फार झोपणाऱ्यास नाही, सदा जागणाऱ्यासही नाही. इतक्या सूक्ष्म विषयात ही स्वयंपाकघरातील गोष्ट कशासाठी, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. पण ज्या पात्रात मन राहते ते पात्र आधी नीट हवे. ज्या घरातील मिळवता माणूस रात्रपाळीस जातो, त्या घरास या वचनाचा अर्थ अधिक लवकर कळेल. शरीरातील पेशींमध्ये काळ मोजणारी यंत्रणा असते आणि ती दिवसरात्रीच्या क्रमाशी बांधलेली असते. तिचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाळी बदलली म्हणून हे घड्याळ त्याच दिवशी बदलत नाही. रात्रपाळीहून आलेला गृहस्थ चिडतो, मुलांवर ओरडतो, तेव्हा त्याच्या संस्कारांचा विचार करण्यापूर्वी त्याच्या खोलीत अंधार आहे का आणि शेजारी रेडिओ मोठ्याने चालू आहे का, हे पाहावे. दार हलकेच लोटून घेणे हाही अशा घरात एक उपचारच होय.

मनाचा महिमा कळला म्हणजे काही लोक प्रत्येक रोगाचे खापर मनावर फोडू लागतात. हे अज्ञानाइतकेच घातक आहे. जठरातील व्रणाचे उदाहरण घ्या. विसाव्या शतकाचा बराच काळ वैद्यही त्यास मुख्यतः काळजीचा रोग समजत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांना अशा रोग्यांच्या जठरात एक जंतू आढळला. पुढे २००५ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. योग्य औषधांनी तो जंतू गेला की पुष्कळांचा जुनाट व्रण भरून येतो. तोवर किती रोग्यांनी ‘तुम्ही फार विचार करता’ हे वाक्य ऐकून घेतले असेल! आणि तरीही मन या कथेतून सर्वस्वी बाहेर पडत नाही, कारण जंतू असलेल्या सर्वांनाच व्रण होत नाही. भीमाचे म्हणणे येथेही सुटत नाही.

ज्याने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि ज्याची ती प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली, त्या विनोबांवर सहा वर्षांनी स्वतःच्या देहाकडे पाहण्याची वेळ आली. वर्ध्याजवळील नालवाडीत त्यांनी सूतकताईचे आणि शरीरश्रमाचे कडक व्रत चालविले होते. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. वय अवघे बेचाळीस. गांधीजींस काळजी वाटली आणि त्यांनी विश्रांती व उपचार यांचा आग्रह धरला. विनोबांनी थोडा अवधी मागितला आणि जवळच पवनार येथे धाम नदीच्या काठी असलेल्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात जाण्याचे ठरविले. मोटार नदीच्या पुलावरून जाऊ लागली, तेव्हा त्यांनी संन्यासाचे शब्द तीन वेळा मनाशी उच्चारून आश्रम, कार्य, जबाबदाऱ्या, सर्व चिंता त्या पुलावरच सोडल्या. पलीकडे जे मन पोहोचले ते रिकामे होते.

एवढ्यावर ही कथा थांबती, तर ती मनाच्या विजयाची कथा म्हणून सांगता आली असती. पण विनोबांनी पवनारला हातात कुदळ घेतली. शेतात खणण्यास आरंभ केला तो अगदी थोडा वेळ, मग दररोज किंचित वाढवीत, मध्ये क्षणभर थांबत. आहाराकडेही त्यांनी लक्ष दिले. मनाच्या दाराने चिंता बाहेर गेली आणि देहाच्या दाराने बळ आत आले. पुढील काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत गेले. याच खणण्यात त्यांना जमिनीतून राम-भरत भेटीचे एक जुने शिल्प सापडले, तेही पुढे तेथे प्रतिष्ठापिले गेले. श्रम तेच, माणूस तोच; नालवाडीत ज्या श्रमाने देह झिजला त्याच जातीच्या श्रमाने पवनारला तो भरला. फरक मात्रेचा आणि मनावरील ओझ्याचा होता. युक्त या शब्दाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट करणारे भाष्य शोधूनही सापडणे कठीण.

मात्र सर्वांनाच असा पूल मिळत नाही. १९०८ मध्ये लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले, ते मधुमेह सोबत घेऊनच. इन्सुलिनचा शोध १९२१ मधला. तोवर पथ्याखेरीज या रोगास दुसरा भरवशाचा उपाय नव्हता. परका प्रदेश, कडक उन्हाळा आणि एकांत. याच अवस्थेत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने वह्या भरून गीतारहस्य लिहून काढले. १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. १९१४ मध्ये सुटका झाली आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. गीतेच्या चिंतनाने त्यांचा मधुमेह गेला नाही, आणि तो जाईल असे त्यांनी कधी मानलेही नाही. पथ्य त्यांना अखेरपर्यंत सांभाळावे लागले, आणि लेखणीही त्यांनी खाली ठेवली नाही.