शेतीसंरक्षणाची बंदूक : हेतू आणि कायदा

प्रवरा व मुळा यांच्या कालव्यांखालील बागाइती गावांत बिबट्याचा उपद्रव वाढल्यापासून प्रत्येक शेतकऱ्यास बंदुकीचा परवाना मिळावा, अशी मागणी वारंवार ऐकू येते. उलटपक्षी, बंदूक घरात आली म्हणजे बांधाचा तंटा खुनापर्यंत जाईल, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु बंदूक नेमकी कोणत्या कामासाठी हवी, हा मूळ प्रश्न दोघेही मागे ठेवतात. नांगर, कुळव व पाभर ही तिन्ही अवजारेच; पण नांगराने कोणी पेरणी करीत नाही. बंदुकीसही हाच न्याय लागू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने येथील रयत निःशस्त्र झाली व गोऱ्या लोकांस मात्र सवलत राहिली. हा अपमान लोकांस फार सलत असे. म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. पुढे डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही व घटना समितीने ती फेटाळली. अमेरिकेत 1791 पासून शस्त्र बाळगणे हा घटनेतील हक्क आहे. आपल्याकडे तो परवाना आहे, आणि परवान्यास कारण लागते.

1959 च्या कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक द्यावी, व ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येईल, असे तेथे म्हटले आहे. ठासणीच्या बंदुकीचा एक बार झाला की ती पुन्हा भरण्यास वेळ लागतो. आवाज करून जनावर पिटाळण्यास ती पुरेशी आहे. यावरून कायद्याचा रोख ध्यानी यावा.

महसूल खात्यात असता अशा अर्जांची पुष्कळ प्रकरणे आमच्या नजरेखालून गेली. कित्येकांत कारण म्हणून "संरक्षणार्थ" एवढा एकच शब्द असे. अर्जदाराने गट नंबर, पीक, कोणते जनावर व कधी झालेले नुकसान हे सातबारा व पंचनाम्यासह दाखवावे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे चौदावे कलम सांगते. अल्पभूधारकाने हे विसरू नये. नकार मिळाल्यास लेखी कारणे मागावी. सार्वजनिक हिताचा अडसर नसेल तर ती द्यावी लागतात. त्यावर अपीलही करता येते.

आता बंदुकीने काय साधते ते पाहू.

रानडुक्कर : आवाजाने कळप हटतो. परंतु त्यास मारावयाचे झाल्यास 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची वेगळी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

काळवीट : कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य याच प्राण्यासाठी आहे. तो पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्यावर गोळी झाडणे सर्वथा वर्ज्य.

बिबट्या : हाही त्याच अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कैद आहे. जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला वार गुन्हा नाही, हे खरे. परंतु बिबट्या उसातून येतो तो अंधारात व मागून. खांद्यावरची बंदूक सरळ करण्यास तो अवकाश देत नाही. शिवाय एक बिबट्या गेला की मोकळ्या जागी दुसरा येतो. म्हणून गोठ्यास भक्कम जाळी, वस्तीभोवती उजेड, गावातील मेलेली जनावरे व घाण यांची विल्हेवाट, आणि मुलांस अंधार पडल्यावर एकटे न सोडणे, हेच उपाय अधिक कामाचे. जनावर मारले गेल्यास ते न हलविता वनखात्यास तात्काळ कळवावे, म्हणजे भरपाईचा हक्क बुडत नाही.

चोर : पंप किंवा केबल चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडण्याचा हक्क कायदा देत नाही. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, दरोडा किंवा रात्रीची घरफोडी असेल, तर गोष्ट निराळी.

घरातील बंदुकीविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वडील वारल्यावर त्यांची बंदूक वारसाने खुंटीस तशीच ठेवणे हा गुन्हा ठरतो; विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग आपल्या नावे अर्ज करावा. जमीन वारसाने येते, परवाना येत नाही. लग्नाच्या वरातीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. बंदूक व दारूगोळा निरनिराळ्या जागी कुलपात असावा.

सारांश, ज्याचे शेत रानालगत आहे व ज्यास डुकरांचा खरा त्रास आहे, त्याने रीतसर परवाना अवश्य मागावा व हक्काने मिळवावा. परंतु भाऊबंदांस दाखविण्यासाठी किंवा बिबट्याच्या भीतीने जो बंदूक घेईल, त्याच्या घरात जुनी भीती तशीच राहून एक नवी जोखीम मात्र येईल. अर्ज लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने आपले कारण स्वतःशी एकदा वाचून पाहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.